घरटी एक लाकूड

शहापूरला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानाचा ओटा आहे. त्या ओट्यावर बसून अनिता लोकांना अर्ज लिहून देते. वारस नोंद, अडवलेली वाट, हरवलेलं रेशनकार्ड, जे काय असेल ते. समोरचा माणूस अर्धा तास रडगाणं गातो आणि अनिता त्यातून चार वाक्यं काढते, अशी की साहेबाला पुढं काही विचारायला जागाच राहू नये. सिद्धगडाच्या पायथ्याची माणसं, ज्यांची कचेरी मुरबाडला, तीसुद्धा वाट वाकडी करून हिच्याकडं अर्ज लिहून घ्यायला येतात. आणि अशा बाईचं मराठी कळलं नाही ते नेमकं तिच्याच गावाला. किन्हवलीच्या पुढं नदीकाठी ते गाव. अडाणी म्हणावं तर तसंही नाही. घराघरात पदवीधर, घराघरात दोन-दोन फोन, आणि प्रत्येक फोनमध्ये 'आपलं गाव' नावाचा ग्रुप.

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी अनितानं त्या ग्रुपवर मजकूर टाकला. तो असा होता:

"नमस्कार. मागच्या श्रावणात मंगळ्याबाबांच्या वेळी लाकडं ओली असल्यामुळं काय झालं ते आपण सर्वांनी पाहिलं. माणूस गेला की घरटी एक लाकूड द्यायची आपल्या गावची पद्धत चांगली आहे. ती तशीच ठेवावी. फक्त हे लाकूड उन्हाळ्यातच द्यावं आणि शाळेमागच्या रिकाम्या खोलीत रचून ठेवावं. म्हणजे पावसात कोणाच्याही माणसाची आबाळ होणार नाही. सर्वांनी मत द्यावं."

आता यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा. शाळेतल्या पोराला दिलं तर त्यानं धडाधड वाचून दाखवलं असतं.

मंगळ्याबाबांच्या वेळी काय झालं होतं तेही सांगायला हवं. स्मशानाचे पत्रे वादळात उडाले ते उडालेच, परत बसले नाहीत. बाबा गेले ते मुसळधार पावसात. पद्धतीप्रमाणं प्रत्येक घरातून एक लाकूड आलं, पण ते अंगणात भिजून फुगलेलं. सरण नुसतं धुमसत राहिलं. डिझेल ओतून झालं. शेवटी कुणीतरी हायवेवरच्या गॅरेजातून जुने टायर आणले आणि वर टाकले. काळा, तेलकट धूर खाचरांवरून सरकत गावात शिरला आणि संध्याकाळपर्यंत भाकरीलासुद्धा रबराचा वास येत राहिला. दुसऱ्या दिवशी कुत्री नदीकाठी का जमलीत ते बघायला कुणी गेलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

अनिताचे वडील लडकूबाबा तेव्हा पडवीत खाटेवर पडून होते. कमरेतून लुळे पडले तेव्हापासून त्यांचं जग त्या खाटेवरचं. धूर नाकात शिरला तसे ते म्हणाले, "बाय, मला त्या टायरवर नको हां घालू. मी काय गाडी हाय?"

दोघंही हसली होती. मग बाबा हसायचे थांबले आणि म्हणाले, "खरंच सांगतो. सुकी लाकडं बघ. बाकी काय मागत नाय मी."

अनितानं शब्द दिला. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती तरुणपणीच माहेरी परत आली होती, आणि तेव्हा सगळा गाव तोंड वाकडं करत असताना ह्या एका माणसानं तिला कधी 'का आलीस' म्हणून विचारलं नव्हतं. त्या माणसाचं हे एवढंच मागणं. पण एकट्या बापापुरती लाकडं जमवावीत हे तिच्या मनाला पटेना. पाऊस काय एकट्या लडकूबाबांवर पडणार होता? म्हणून तो मजकूर.

पहिलं उत्तर महिपतचं आलं. महिपत म्हणजे माजी सरपंच आणि ग्रुपचा ॲडमिन. त्याला लिहायचा कंटाळा, त्यामुळं तो बोलून पाठवतो. आवाज असा की फोन उशीखाली दाबला तरी शेजारच्याला ऐकू जावा.

"गाववाल्यांनो, आयका. अजून कोण मेला नाय, आणि हिनं घराघरातून सरण मागितलाय. म्हणजे ही वाट कोणाची बघते? तुमच्या घरातल्याची का माझ्या घरातल्याची? माझी आई थकलीय. तिच्या डोळ्यांसमोर मी लाकूड काढून नेऊ? आये, हे तुझ्या नावाचं, असं सांगू तिला?"

झालं. मेंढरांना वाट सापडली. 'अशुभ.' 'जाहीर निषेध.' 'माणूस मरायच्या आधी सरण रचतात हे पहिल्यांदाच ऐकलं.' एकानं देवीचा फोटो टाकला आणि खाली हात जोडले. एकानं विचारलं, ही खोली शाळेची आहे, पोरांच्या शेजारी सरण ठेवणार काय? शाळा पटावर पोरं नाहीत म्हणून बंद पडून दोन वर्षं झाली होती हे त्याला माहीत होतं. त्याचीच पोरं किन्हवलीला जात होती. आणि एकानं लिहिलं, 'जिला स्वतःचा संसार ठेवता आला नाय ती गावाचं सरण ठेवायला निघाली.' त्यावर हसणारे चेहरे किती आले ते अनितानं मोजले नाहीत.

तिची चूक झाली ती इथं. तिला वाटलं, लोकांना कळलेलं नाही, म्हणजे आपणच नीट मांडलं नाही. जन्मभर हाच धंदा केलेला. साहेबाला अर्ज कळला नाही तर अर्ज पुन्हा लिहायचा असतो. तिनं पुन्हा लिहिलं, मुद्दे पाडून. कोणाच्याही मरणाची इच्छा यात नाही. पाऊस दरवर्षी येतो आणि माणसंही दरवर्षी जातात, हे कोणाच्या हातात नाही. लाकूड सुकं ठेवणं मात्र हातात आहे. आपण पेरणीआधी बियाणं साठवतो, पावसाआधी गोवऱ्या साठवतो, त्यातलाच हा प्रकार.

"बघा!" महिपतचा आवाज लगेच आला. "दरवर्षी माणसं जातात म्हणते. म्हणजे यंदा पण जाणार. ही लिहून देते."

बियाण्याची आणि मढ्याची बरोबरी केली म्हणून मग वेगळं रामायण सुरू झालं. ते दुपारपर्यंत चाललं.

आणि ह्या सगळ्या घाणीत, जी खरी घाण होती ती बाजूच्या खिडकीतून येत होती. ग्रुपवर निषेध टाकणारीच माणसं तिला एकेकटी, खासगीत लिहीत होती. 'अनिताताई तू बरोबर बोललीस.' 'ताई मला पटलंय पण ग्रुपवर नाय लिहिता येत, तुला माहितीय आपलं गाव.' शेजारच्या रुपालीनं ग्रुपवर 'अशा विचारांची लाज वाटते' असं लिहिलं आणि त्याच मिनिटाला अनिताला पाठवलं, 'मनाला लावून घेऊ नको गो, जेवलीस का?' अनितानं ते दोन्ही निरोप वरखाली करून पाहिले. खरकट्यात हात पडावा तसं तिला झालं. शिव्या देणारा एक वेळ परवडला, तो निदान तोंडावर तरी देतो. ही जेवणाची चौकशी मात्र गिळता गिळेना.

संध्याकाळी तिच्या धाकट्या भावानं, अनिलनं, शेवटचा खिळा ठोकला. अनिल मुरबाडला कंपनीत कामाला, बायको-पोरांसह तिकडंच राहतो. त्यानं आधी बहिणीला फोन केला, "ताई, डिलीट कर ना. काय गरज होती?" ती म्हणाली, "तू वाचलंस का मी काय लिहिलंय?" तो म्हणाला, "वाचलं. बरोबरच आहे. पण तरी." आणि फोन ठेवून त्यानं ग्रुपवर लिहिलं: 'माझ्या बहिणीच्या वतीने मी समस्त ग्रामस्थांची माफी मागतो.' गावानं त्याला अंगठे दिले, 'मोठेपणा' म्हणून पाठ थोपटली. महिपतनं मग ग्रुपला कुलूप लावलं. आता फक्त ॲडमिन लिहिणार, बाकीच्यांनी वाचायचं. शांतता राखण्यासाठी, असं त्यानं लिहिलं.

अनितानं त्यानंतर कोणाला काही समजावलं नाही. बांधावरचा जुना आंबा वाळून उभा होता, तो तिनं तोडून घेतला. फोडलेली लाकडं गोठ्याच्या माळ्यावर रचली. गुरं केव्हाच विकली होती, गोठा रिकामाच होता. लडकूबाबांना उचलून गोठ्याच्या दारात खुर्चीवर बसवलं तेव्हा त्यांनी आपलं सरण एकदा मन भरून पाहून घेतलं, एखादा पलंग पसंत करावा तसं.

"तो गाठीचा ओंडका पायाकडं घाल," ते म्हणाले. "कमरेखाली नको. टोचंल."

"बाबा!"

"आता लाजतेस कशाला? गावभर झालाय बोभाटा."

बोभाटा झालाच होता. नळावर अनिता गेली की बाया हंडा अर्धा सोडून सरकायच्या. आळीतल्याच अक्षदाच्या लग्नाच्या हळदीचं आमंत्रण सगळ्या आळीला गेलं, हिला वगळून. तिच्या घरात सरण आहे, ती हळदीला कशी चालेल? असं कुणी तोंडावर बोललं नाही. तोंडावर बोलायची त्या गावाची रीतच नव्हती.

आषाढ सरता सरता सकुबाई गेली. महिपतची आई.

गोष्टीत असं घडलं की लोक म्हणतात जुळवून आणलंय. पण पावसाळ्यात म्हातारी माणसं जातात, त्यात जुळवायचं काय. अनितानं तेच तर लिहिलं होतं. चार दिवस पावसानं डोळा उघडला नव्हता. सकाळी रडण्याचा आवाज आला तेव्हा अनिता भाकरी टाकत होती. ती तशीच उभी राहिली. तिची आई गेली तेव्हा ती लहान होती आणि सकुबाईनं कितीतरी दिवस तिला आपल्या ताटात जेवू घातलं होतं. ती जाऊन सकुबाईचं शेवटचं दर्शन घेऊन आली. महिपतच्या अंगणात घराघरातून आलेली लाकडं पडली होती. पद्धत गावानं चोख पाळली होती, आणि एकूण एक लाकडातून पाणी गळत होतं. पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट टाकून काहीतरी झाकलेलं. गोणपाटाखालून टायरची कड दिसत होती.

दुपारी महिपत आला, पुढच्या दारानं नाही, मागच्या. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पाय चिखलानं भरलेले. तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला.

"अनिता," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की हाच तो फोनमधला माणूस का असा प्रश्न पडावा. "आईला टायरवर नाय घालवत गो."

अनिता पदराला हात पुसत उंबऱ्याशी आली.

"काकांसाठी ठेवलीयत ती माहितीय मला. पण काका हायत अजून. मी आणून देतो परत. सुकवून देतो. शब्द देतो."

"महिपतदादा, एक वाक्य ग्रुपवर बोला," अनिता म्हणाली. "अनिताचं बरोबर होतं, एवढंच. बाकी काय नको."

महिपतनं तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं मढ्यावरचं लुगडं मागितलं. "आता? माझी आई पडलीय घरात आणि तुला ग्रुपचं पडलंय?"

तिला स्वतःचीच शिसारी आली. खरंच, ही काय वेळ होती? आणि तरीही तिला कळत होतं की हा माणूस या क्षणीसुद्धा रडत रडत तिलाच चुकीचं ठरवून मोकळा झाला. आतून खाटेवरून आवाज आला, "बाय, दे लाकडं. सकुनं तुला भात भरवलाय."

"बाबा, मग तुमचं?"

"मी थांबतो की. पाऊस काय बारा महिने हाय?"

लाकडं मागच्या वाटेनं गेली, प्लास्टिकखाली झाकून, कुणाला दिसू नयेत म्हणून. महिपतच्या घरच्या दोघा-तिघांनी नेली. नदीवर सुकी खाली रचली आणि गावाची ओली वर. बायकांनी स्मशानात जायचं नाही, त्यामुळं अनितानं पडवीतून नुसता धूर पाहिला. करडा, हलका धूर सरळ वर गेला. पावसातही ज्वाळा झाडांच्या शेंड्यांवरून दिसली. तिला बरं वाटलं. एवढं सगळं होऊनही तिला मनापासून बरं वाटलं, हे तिच्या खात्यावर मांडायला हवं.

संध्याकाळी श्रद्धांजलीसाठी ग्रुपचं कुलूप उघडलं, ते पुढं उघडंच राहिलं. आणि मग आलं ते असं:

'सकुआईची पुण्याई बघा. भर पावसात चिता धडधडून पेटली.' 'ओल्या लाकडाला आग लागली, हा चमत्कारच.' 'घरटी एक लाकूड ही आपल्या पूर्वजांची परंपरा. त्यात ताकद आहे.' 'काही अतिशहाणी माणसं म्हणत होती पावसात पेटत नाही. आता बोला म्हणावं.' प्रत्येकाखाली जोडलेल्या हातांच्या रांगा. महिपतनंही हात जोडले होते. चमत्कारवाल्या निरोपाखाली.

अनितानं फोन घेतला आणि एकच वाक्य लिहिलं: 'चिता पेटली ती माझ्या वडलांसाठी ठेवलेल्या सुक्या लाकडांनी, जी महिपतदादांनी आज दुपारी मागच्या दारानं नेली.' तिनं आजवर लिहिलेल्या कुठल्याही अर्जापेक्षा ते स्वच्छ होतं.

"काय लिहिलंस? वाच," लडकूबाबा म्हणाले. तिनं वाचलं.

"खरं हाय," ते म्हणाले. "पण सकुच्या पिंडाला अजून कावळा शिवायचाय. आत्ता नको."

तिनं ते पुसून टाकलं. महिपतनं नेलेली लाकडं काही परत आली नाहीत. आलीही असती तरी पावसात सुकणार कुठं?

लडकूबाबांनी थांबायचं म्हटलं होतं, ते त्यांच्यानं झालं नाही. गौरी गेल्या आणि पाठोपाठ ते गेले, पहाटे, झोपेत. बाहेर पाऊस तसाच होता. अनितानं त्यांचा चेहरा पुसला, अनिलला फोन केला, शहापूरला ओळखीच्या गाडीवाल्याला फोन केला. मग ग्रुपवर लिहिलं: 'माझे वडील लडकूबाबा आज पहाटे गेले. कोणीही लाकूड आणू नये. शहापूरच्या स्मशानात छप्पर आहे आणि सुकी लाकडं मिळतात. तिथं नेत आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं.'

यातही न कळण्यासारखं काही नव्हतं. पण गावाला कळलं ते हे: हिनं गावाचं लाकूड नाकारलं. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या मध्ये मध्ये 'गावाचा अपमान' सुरू झालं. मुरबाडहून अनिल पोचेपर्यंत आणि लडकूबाबांना गाडीत ठेवेपर्यंत वेशीवर गाव जमला होता. माणसं वाटेत आडवी उभी, प्रत्येकाच्या खांद्यावर एक लाकूड, आणि लाकडातून पाणी ठिबकत त्यांच्या सदऱ्यांवर उतरलेलं. सगळ्यांत पुढं महिपत.

"गावच्या माणसाला गावातच जाळायचा," तो म्हणाला. आवाज पुन्हा जुना झाला होता. "लडकूकाका काय बेवारस हाय? आमी मेलोय काय? बघ, घरटी लाकूड आलंय. एक घर चुकलं नाय."

मागून दोघं-तिघं बोलले, "सकुआईची नाय पेटली काय पावसात?"

अनिल तिच्या कानाशी कुजबुजला, "ताई, नको वाढवू. इथंच करू."

अनिता गाडीतून उतरली. एवढ्या माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती. तिचं सगळं बोलणं कागदावरचं. ती महिपतसमोर जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की त्याच्या खांद्यावरच्या लाकडाचं पाणी तिच्या पायांवर पडत होतं.

"महिपतदादा, ह्या सगळ्यांसमोर सांगा. तुमच्या आईची चिता कशानं पेटली?"

महिपतच्या मागं उभे असलेले त्याच्या घरचे दोघं, ज्यांनी स्वतःच्या खांद्यावरून ती लाकडं नेली होती, जमिनीकडं बघायला लागले. रुपालीचा नवरा जमिनीकडं बघायला लागला. अनिताच्या मनात आलं, आता बोलेल. शेवटी माणूस आहे. तिचा बाप गाडीत पडलाय, आता तरी बोलेल.

महिपतनं ओठांवरून जीभ फिरवली. एकदा मागं, गावाकडं पाहिलं.

"पुण्याईनं," तो म्हणाला.

अनितानं मान हलवली. ती रडली नाही की ओरडली नाही. तिला त्या माणसाकडं, त्याच्या ओल्या सदऱ्याकडं, मागं खाली माना घालून उभ्या असलेल्या त्या सगळ्या शिकलेल्या गावाकडं बघवेना एवढंच.

"बरोबर," ती म्हणाली. "ती पुण्याई माझ्या बाबांची होती. गोठ्याच्या माळ्यावर ठेवली होती. तुमच्या आईला दिली, आता शिल्लक नाय. गाडी सोडा."

कुणी बाजूला झालं असं म्हणता येणार नाही. गाडीवाल्यानं हॉर्न दिला आणि माणसं आपोआप सरकली, लाकडं सांभाळत.

किन्हवली मागं पडलं तेव्हा तिचा फोन थरथरला. महिपतचा निरोप होता, ग्रुपवर नव्हे, खासगीत. बोललेला नव्हता, चक्क लिहिलेला. 'अनिता राग मानू नको. लोकांसमोर नाय बोलता आलं. तुझं पहिल्यापासून बरोबर होतं. काकांना माझा नमस्कार सांग.'

तिनं तो वाचला आणि काच खाली करून बाहेर थुंकली. मग फोन अनिलच्या मांडीवर टाकला.

"ह्याला उत्तर तू लिही," ती म्हणाली. "माझ्या वतीनं लिहायची तुला सवय आहे."

अनिलनं फोन हातात घेतला, वाचला, आणि बहिणीकडं न बघता तो तसाच पालथा घालून ठेवला. अनितानं बापाच्या पायावरची सरकलेली चादर नीट केली. शहापूरजवळचं आसनगावचं वळण आलं होतं.